जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डवरचे काटे मधूनच बंद पडतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात दहा-पंधरा वर्षं जुन्या पिकअप आजही रोज भाजी, दूध, ऊस, विटा आणि कौलं वाहतात. इंजिन धडधाकट असतं, पण डॅशबोर्डवरचे काटे मनाला येईल तेव्हा चालतात आणि मनाला येईल तेव्हा पडतात. अशा वेळी बहुतेक ठिकाणी आधी मीटर बदललं जातं, मग टाकीतला फ्लोट (डिझेलची पातळी मोजणारा तरंगता भाग), आणि दोष तिसरीकडेच निघतो. तो आधी शोधावा आणि मगच पार्टला पैसे घालावेत, यासाठी ही उत्तरं आहेत.

उत्तरं १२ व्होल्टच्या, काट्यांचं मीटर असलेल्या डिझेल पिकअपसाठी आहेत. पूर्ण डिजिटल किंवा कॉम्प्युटरवर चालणारं मीटर असेल तर सप्लाय आणि अर्थची (करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाण्याची वाट) तपासणी तशीच करा, पण सेन्सरची वायर अर्थला टेकवून बघण्याची चाचणी त्या गाडीवर करू नका.

सगळे काटे एकदम पडतात आणि थोड्या वेळाने आपोआप उठतात. मीटर गेलं का?

बहुधा नाही. डिझेल, टेंपरेचर आणि ऑइल यांचे सेन्सर वेगवेगळ्या जागी असतात. तिन्ही एकाच क्षणी बिघडून एकाच क्षणी बरे होणं जवळजवळ अशक्य आहे. म्हणून जे तिघांना सामाईक आहे तिथे बघायचं: मीटरचा फ्यूज, चावीच्या स्विचकडून येणारा सप्लाय, मीटरचा अर्थ आणि मीटरच्या मागचा कपलर (वायरींचा प्लग).

काटे कुठे जातात तेही नीट बघा. सगळे शून्याला पडत असतील तर सप्लाय तुटतोय. डिझेल आणि टेंपरेचर दोन्ही वर चढत असतील किंवा वेडेवाकडे हलत असतील तर अर्थ सुटतोय, किंवा मीटरमागचा स्टॅबिलायझर (काट्यांना ठरावीक व्होल्टेज देणारी डबी) गेलाय. एकच काटा दगा देत असेल तर सामाईक भाग सोडा, त्या एका काट्याची वायर आणि सेन्सर धरा. काटे नेमके कुठे गेले हे सांगणारा ड्रायव्हर वायरमनचं अर्धं काम वाचवतो.

तपासायला काय काय लागतं?

साधा डिजिटल मल्टिमीटर, ५ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, दोन्ही टोकांना क्लिप असलेली तीन-चार मीटर वायर, १० नंबरचा पाना, स्टार स्क्रूड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि योग्य अँपिअरचे दोन-चार फ्यूज. एवढ्यात नव्वद टक्के काम होतं.

सुरुवात बॅटरीपासून करा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. इथेच गडबड असेल तर काट्यांची तपासणी पुढे नेण्यात अर्थ नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा.

अर्थ तपासायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. जुन्या गाडीत काट्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा अर्थचाच असतो.

मल्टिमीटर ओहमवर (रोध मोजायच्या सेटिंगवर) ठेवून अर्थ तपासू नका. वायरीच्या वीस तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी ओहममध्ये जवळजवळ शून्यच दिसतं, कारण त्या वेळी वायरीतून करंट जात नसतो. लोड आला की तीच वायर दगा देते. म्हणून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते बघायचं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, थेट खांबावर धरा. दुसरा मीटरच्या मागच्या कपलरमधल्या अर्थच्या पिनवर, बहुतेक गाड्यांत काळ्या वायरीवर. आता चावी ऑन करा, हेडलाइट आणि पार्किंग लावा, फॅन चालू करा. ०.१ व्होल्ट किंवा कमी आलं तर अर्थ चांगला. ०.२-०.३ आलं तर संशय धरा. अर्धा व्होल्ट आला तर काटे चुकीचं दाखवणारच. प्रोब तसेच ठेवून वायरिंगचा जुडगा हाताने हलवा, डॅशवर थाप द्या. आकडा उडी मारला की तुमची जागा सापडली.

खात्री करण्यासाठी क्लिपची वायर घेऊन मीटरची अर्थ पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा आणि गाडी एक-दोन दिवस तशीच चालवा. वायर पेडलमध्ये किंवा स्टिअरिंगच्या दांड्यात येणार नाही अशी बांधा. तक्रार थांबली तर पक्की अर्थ वायर टाका. १.५ स्क्वेअर एमएमची वायर, टोकाला गोल थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून आणि सोल्डर करून, बॉडीच्या जाड पत्र्यावरच्या बोल्टखाली. बोल्टखालचा रंग आणि गंज खरवडून पत्रा चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावा. आधी रंग लावून मग बोल्ट आवळला तर केलेलं सगळं वाया.

बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते चेसिस या दोन जाड पट्ट्याही विसरू नका. इंजिनची पट्टी गंजून तुटली की सेल्फचा करंट परतीला दुसरी वाट शोधतो आणि अॅक्सिलरेटरच्या केबलमधून किंवा स्पीडोमीटरच्या केबलमधून जातो. सेल्फ मारल्यावर यातली एखादी केबल गरम लागली तर आधी ती पट्टी बदला.

इंडिकेटर लावला की डिझेलचा काटा टिकटिक उडतो. हा दोष इंडिकेटरचा की मीटरचा?

अर्थचा. मीटरमधले बल्ब आणि काटे एकाच अर्थवर असतात. तो कमकुवत झाला की बल्बचा करंट काट्याच्या कॉइलमधून वाट काढतो आणि काटा इंडिकेटरच्या तालावर नाचतो. हेडलाइट लावल्यावर डिझेल पाव टाकी कमी-जास्त दिसणं हेही त्यातलंच. वर सांगितलेली चाचणी करा, फ्लोट उघडू नका.

डॅशबोर्डवर थाप मारली की काटे चालू होतात. किती दिवस असं चालेल?

फार दिवस नाही. थापेने बरं होणारा दोष म्हणजे कपलरची सैल पिन, मीटरमागच्या पातळ तांब्याच्या पट्टीला गेलेली चीर किंवा सुटलेलं सोल्डर. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूच्या खड्ड्यांत रोज हबके बसले की ती चीर वाढतच जाते.

मीटर काढताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर सोडवा, मीटरचे स्क्रू काढा, मीटर थोडं पुढे ओढा. केबलवालं स्पीडोमीटर असेल तर मागे हात घालून केबलची चाप दाबून ती सोडवा, ओढाताण करू नका. कपलर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. कपलर वायरीला धरून ओढायचा नाही, त्याची कडी दाबून बॉडीला धरून काढायचा.

आता उजेडात मीटरची मागची बाजू बघा. पिनांवर काळपट किंवा हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने साफ करा. प्लास्टिकवर चिकटवलेली पातळ तांब्याची पट्टी असेल तर तिच्यावर पॉलिश पेपर घासू नका, खोडरबर पुरतं. तांब्याचा थर इतका पातळ असतो की दोन-चार घासांत निघून जातो. कपलरमधल्या मादी पिना पसरल्या असतील तर बारीक टोच्याने किंचित दाबून पकड घट्ट करा. काट्यांच्या मागच्या खुंट्यांवर छोटे नट असतात, ते सैल झाले तरी काटा मधूनच मरतो. ते हलक्या हाताने आवळा, जोर दिला तर खुंटी आतून फिरते आणि काटा कायमचा जातो.

सर्किट बोर्ड असेल तर भिंगाने प्रत्येक पिनेभोवती बघा. सोल्डरभोवती बारीक गोल रेघ दिसली तर तीच चीर. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि रोझिनवालं सोल्डर घेऊन जुनं सोल्डर वितळवा, थोडं नवं घाला. एका पिनेला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त उष्णता देऊ नका. पातळ पट्टीवर सोल्डर करायचा हात नसेल तर टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे द्या; वाहनाचे वायरमन जाड आयर्न वापरतात, त्याने पट्टी जळते.

मीटरचा फ्यूज मधूनच जातो. मोठा घालू का?

अजिबात नको. १० अँपिअरच्या जागी २० घातला तर फ्यूज वाचतो आणि वायर जळते. फ्यूज जातो म्हणजे कुठेतरी सप्लायची वायर बॉडीला टेकते आहे. इंजिनकडून केबिनमध्ये वायरिंग येते तिथलं रबर, स्टिअरिंगच्या खालचा भाग आणि हौद्याखाली चेसिसच्या कडेवरून मागे जाणारी वायर, या तीन जागा आधी बघा. फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प लावा. शॉर्ट असताना लॅम्प पूर्ण उजेड देतो. वायरिंग हलवत गेलात की ज्या जागी लॅम्प मंद होतो तिथे शॉर्ट.

फ्यूज शाबूत दिसूनही दगा देतो हे लक्षात ठेवा. पात्याला डोळ्याला न दिसणारी चीर असू शकते, आणि फ्यूज बॉक्समधली पकड सैल झाली की फ्यूज गरम होऊन प्लॅस्टिक पिवळं पडतं.

चावी हलवली की काटे येतात-जातात.

चावीच्या स्विचचे कॉन्टॅक्ट झिजलेत. चावीबरोबर घराच्या, गोठ्याच्या आणि दुकानाच्या कुलपांचा जड गुच्छा लटकत असेल तर हा स्विच लवकर जातो. चावी ऑन करून बॅटरीचे व्होल्ट आणि मीटरच्या सप्लाय पिनवरचे व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर स्विच किंवा त्याचा कपलर तपासा. नवा स्विच बसवला की बाहेरून लावलेले जादा दिवे आणि हॉर्न रिलेवर (लहान करंटने मोठा करंट जोडणाऱ्या स्विचवर) घ्या, नाहीतर नवाही तसाच जळेल.

फक्त डिझेलचाच काटा दगा देतो. फ्लोट बदलायचा का?

आधी दोन मिनिटांची चाचणी करा. टाकीजवळ फ्लोटचा कपलर शोधा. चावी ऑन ठेवून तो काढा, काटा एका टोकाला जाईल. आता मीटरकडून येणारी वायर क्लिपच्या वायरीने काही सेकंदच चेसिसला टेकवा, काटा दुसऱ्या टोकाला जायला हवा. काही गाड्यांत वायर टेकवल्यावर काटा फुल होतो, काहींत रिकामा. दिशा महत्त्वाची नाही, दोन्ही टोकं गाठणं महत्त्वाचं. काटा दोन्हीकडे गेला म्हणजे मीटर आणि वायर ठीक, दोष फ्लोटचा किंवा टाकीच्या अर्थचा. गेला नाही तर हीच चाचणी मीटरच्या मागे करा. तिथे चाललं तर मधली वायर तुटली आहे. डिझेल पेट्रोलइतकं चटकन पेटत नाही, तरी टाकीचं झाकण बंद ठेवा, सांडलेलं पुसा आणि जवळपास विडी-सिगारेट नको. पेट्रोल किंवा गॅसच्या गाडीवर ही चाचणी टाकीजवळ करूच नका, मीटरच्या मागे करा.

फ्लोट उघडण्याआधी टाकीचा अर्थ बघा. टाकी रबराच्या पट्ट्यांवर बसते, त्यामुळे तिला वेगळी अर्थ वायर असते. चेसिसच्या बाजूला चिखल आणि पाणी उडून तिचं थिंबल गंजतं. ती वायर साफ करून पुन्हा बसवल्याने अनेक गाड्यांचा काटा ताळ्यावर येतो आणि फ्लोटचा खर्च वाचतो.

तरीही नाही जमलं तर फ्लोट काढा. टाकी उतरवावी लागत असेल तर डिझेल कमी असताना काम काढा, कारण ४० लिटर डिझेल म्हणजे साधारण ३३ किलो वजन. वरून आधी माती झटका, कॉम्प्रेसरची हवा मारा, नाहीतर सगळी धूळ टाकीत पडते आणि पुढे डिझेल फिल्टर चोंदतो. फ्लोट बाहेर काढला की मल्टिमीटर ओहमवर लावून दांडी अगदी सावकाश वर-खाली करा. आकडा सलग बदलत जायला हवा. मध्येच सर्किट उघडं दाखवलं तर त्या जागी तार झिजली आहे. ही झीज बहुधा पाव ते अर्ध्या टाकीच्या मध्ये सापडते. दोन-चारशेचं डिझेल घालत गाडी चालवली की फ्लोट तेवढ्याच टप्प्यात वर्षानुवर्षं घासत राहतो. "फुल टाकीवर काटा बरोबर, अर्ध्यावर आला की पडतो" ही तक्रार याच कारणाने येते. काळा थर असेल तर क्लीनर आणि मऊ ब्रशने जातो. झिजलेली तार मात्र दुरुस्त होत नाही, युनिट बदलावं लागतं.

फ्लोटचा डबा कानाजवळ हलवून बघा. आत डिझेल खुळखुळलं तर तो बुडतो आणि काटा कायम रिकामं दाखवतो. नवं युनिट त्याच मॉडेलचं घ्या. दुसऱ्या गाडीचं युनिट भोकांना भोकं जुळून बसलं तरी त्याचा ओहमचा टप्पा वेगळा असतो आणि काटा कधीच खरं बोलत नाही. गॅस्केट प्रत्येक वेळी नवं.

डिझेल आणि टेंपरेचर दोन्ही एकत्र चुकतात, बाकी सगळं ठीक.

जुन्या, तापून हळू चढणाऱ्या काट्यांच्या मीटरमागे पत्र्याची एक लहान डबी असते. तो व्होल्टेज स्टॅबिलायझर. १२ व्होल्ट उतरवून तो दोन काट्यांना ठरावीक व्होल्टेज देतो. तो किती द्यायचं ते गाडीवर ठरतं: काहींत ५, काहींत ७, काहींत १०. आतला कॉन्टॅक्ट चिकटला की पूर्ण १२ व्होल्ट पुढे जातात आणि दोन्ही काटे वर जातात. उघडा राहिला की दोन्ही पडतात. डबीचा अर्थ तिच्या स्क्रूमधूनच मिळतो, तेव्हा आधी स्क्रू काढून साफ करून आवळा. नवा घेताना जुना हातात घेऊन दुकानात जा. काट्याने झटकन उत्तर देणाऱ्या नंतरच्या मीटरमध्ये ही डबी नसते.

टेंपरेचरचा काटा चोर्ला घाटात वर जातो आणि उतरताना पडतो. सेन्सर खराब?

इथे घाई करू नका. भरलेली गाडी चढावर तापणं आणि उतारावर थंड होणं नैसर्गिक आहे. काटा सावकाश चढला-उतरला तर इंजिनचं तापमान खरंच बदलतंय. थर्मोस्टॅट, कूलंट, फॅनचा बेल्ट आणि चिखलाने भरलेली रेडिएटरची जाळी बघा. विजेचा दोष सावकाश नसतो: काटा झटक्यात वर आणि झटक्यात खाली जातो. पाणी एका सेकंदात ३० अंश थंड होत नाही.

सेन्सरच्या एकाच वायरीची चाचणी सोपी आहे. वायर काढली की काटा थंडकडे, अर्थला क्षणभर टेकवली की गरमकडे. हा सेन्सर तापला की त्याचा ओहम कमी होतो, म्हणून असं. दोन्ही झालं तर वायर आणि काटा ठीक. एका वायरीच्या सेन्सरला अर्थ त्याच्या आट्यांमधून मिळतो. बसवताना आट्यांवर भरमसाठ टेफ्लॉन टेप गुंडाळला तर तो अर्थ तुटतो आणि नवा सेन्सरही थंडच दाखवतो.

एक धोका ठळकपणे सांगायला हवा. कूलंट कमी झालं की सेन्सर पाण्याबाहेर, वाफेत किंवा हवेत लटकतो. इंजिन तापत असतं आणि काटा खाली येतो. घाटात चढणीवर काटा अचानक खाली आला, हीटरमधून थंड हवा आली किंवा गाडीचा जोर कमी झाला तर लगेच बाजूला घ्या, चाकाला उटी (अडवायचा दगड किंवा ठोकळा) लावा, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. दाबाखालचं पाणी अंगावर येतं. इंजिन थंड झाल्यावरच पाणी बघा. काट्यावर विश्वास नसेल तर लेझरवाला थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धरा. तापलेल्या चांगल्या इंजिनाला साधारण ८० ते ९५ अंश दिसतात.

ऑइलचा लाल दिवा मधूनच लागतो. लूज कॉन्टॅक्ट असेल ना?

असेलही, पण तसं गृहीत धरून एक किलोमीटरही जाऊ नका. इंजिन बंद करा, सपाट जागी पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक बघा. ऑइल बरोबर असेल तर ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी यांत्रिक प्रेशर गेज लावून खरा दाब मोजून घ्या आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. दाब ठीक निघाला तरच स्विच आणि वायर बदला. दिव्याची वायर काढून ठेवणारे लोक शेवटी क्रँक आणि बेअरिंगचा खर्च भरतात.

चावी ऑन केल्यावर इंजिन सुरू होण्याआधी हा दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब किंवा वायर गेली आहे, तीही आधी दुरुस्त करा.

स्पीडोमीटरचा काटा थरथरतो किंवा मधेच शून्यावर येतो.

आधी किलोमीटरचे आकडे फिरतात का बघा. आकडे फिरतात आणि काटा मेला तर दोष मीटरच्या डोक्यात. दोन्ही बंद तर केबल, गिअरबॉक्समधला नायलॉनचा गिअर किंवा सेन्सर.

केबलवाल्या गाडीत थरथर म्हणजे आतली तार कोरडी पडली किंवा केबल कुठेतरी वाकली. आतली तार बाहेर काढा, पुसा, बोटांत फिरवत टोकापासून टोकापर्यंत न्या; पीळ सुटलेला भाग लगेच हाताला लागतो. टोकाचा चौकोन गोल झाला असेल तर बदला. पातळ ग्रीस खालच्या दोन-तृतीयांश भागालाच लावा. वरपर्यंत भरलं तर ते फिरत फिरत मीटरमध्ये चढतं आणि काटा कायमचा जड होतो.

सेन्सरवाल्या गाडीत तीन वायरी असतात: सप्लाय, अर्थ, सिग्नल. मागचं एक चाक जॅकवर घेऊन, पुढच्या दोन्ही चाकांना आणि जमिनीवरच्या मागच्या चाकाला उट्या लावून, न्यूट्रलमध्ये उचललेलं चाक हाताने सावकाश फिरवा. सिग्नलच्या वायरीवरचे व्होल्ट वर-खाली होत राहिले तर सेन्सर ठीक. बाहेरून स्पीड गव्हर्नर बसवला असेल तर तो याच वायरीत कापून घुसवलेला असतो. पिळून टेप लावलेला तो जोड आधी उघडा.

काटे बंद पडले त्याच दिवशी चार्जिंगही बंद झालं. संबंध आहे का?

आहे. अनेक जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट मीटरमधल्या बॅटरीच्या लाल बल्बमधून मिळतो. मीटरचा सप्लाय तुटला किंवा तो बल्ब गेला तर रेस वाढवेपर्यंत चार्जिंग सुरू होत नाही, कधी होतच नाही. याच कारणाने त्या जागी एलईडी बल्ब घालू नका, त्यातून पुरेसा करंट जात नाही. बाकीच्या दिव्यांना एलईडी चालतो, फक्त पेटला नाही तर उलटा करून घाला.

सगळे काटे इंजिनच्या रेसबरोबर बारीक थरथरत असतील तर अल्टरनेटरचा डायोड तपासा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी आलं तर डायोड गेलाय.

फक्त पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यावरच हा त्रास होतो.

खानापूरच्या पश्चिम भागात पाऊस आणि धुकं महिनोन्‌महिने असतं, आणि लाल माती धुऊन काढायला लोक प्रेशरचा फवारा थेट बोनेटखाली मारतात. काचेच्या रबराला चीर असेल तर पाणी डॅशच्या आतून फ्यूज बॉक्सवर टपकतं. पायाखालचं मॅट उचलून बघा. खाली ओल असेल तर वाट तीच. कपलर उघडून वाळवा, साफ करा, डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर लावा आणि वायरीला कपलरच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून कपलरमध्ये न शिरता खाली गळेल. धुताना फ्यूज बॉक्स आणि अल्टरनेटरवर प्लास्टिक बांधा.

पावसाळ्यात उंदीरही गरम इंजिनाच्या आसऱ्याला येतात. गोठ्याजवळ किंवा पेंढीच्या शेडमध्ये लावलेल्या गाडीत वायरीचं कव्हर कुरतडलेलं आहे का ते दर महिन्याला बघा.

बाहेरून लावलेल्या वस्तूंमुळे काटे बिघडतात का?

फार वेळा. गणेशोत्सवात पिकअपवर रोषणाई आणि स्पीकर चढतात, मिरवणुकीच्या घाईत सप्लाय सापडेल त्या वायरीला टोचून घेतला जातो, विसर्जनानंतर वस्तू उतरतात आणि टोचलेली वायर तशीच राहते. सौंदत्तीच्या यात्रेला जाताना लावलेला टेप, ट्रॅकर, मोबाइल चार्जर, मागचा कॅमेरा यांचंही तेच. मीटरच्या सप्लायमधून कोणतीही जोडणी घेऊ नका. बॅटरीपासून वेगळी वायर, सुरुवातीलाच फ्यूज, आणि जड वस्तूला रिले. जुने टोचलेले जोड कापून सोल्डर करा आणि वर हीट स्लीव्ह चढवा. नुसता टेप उन्हात डिंक सोडतो.

हौद्याला पिंजरा किंवा अँगल वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी जवळ लावा. तसं केलं नाही तर तो करंट गाडीच्या अर्थमधून फिरतो आणि मीटर किंवा अल्टरनेटरचा डायोड जातो.

गॅरेजला नेलं की सगळं ठीक चालतं. मग दोष सापडणार कसा?

दोष येण्याची वाट बघू नका, तो आणा. मल्टिमीटर मीटरच्या सप्लाय आणि अर्थच्या पिनांना कायम जोडून सीटवर ठेवा आणि जोडीदाराला घेऊन नेहमीच्या रस्त्याने चला. काटे पडले त्या क्षणी त्याने आकडा वाचायचा. १२-१४ व्होल्ट असूनही काटे पडले तर दोष मीटरच्या आत. व्होल्ट पडले तर मीटर निर्दोष, मागे जा.

उभ्या गाडीत चावी ऑन ठेवून एकेक कपलर हलवा, एका वेळी एकच. गरम झाल्यावर येणाऱ्या दोषासाठी हेअर ड्रायरने मीटरची मागची बाजू कोमट करा, ओलीमुळे येणाऱ्यासाठी कपलरवर पाण्याचा हलका फवारा मारा. वायरमनकडे जाताना कागदावर लिहून न्या: गाडी थंड होती की गरम, दिवे चालू होते का, खड्डा आला होता का, कोणते काटे कुठे गेले.

जुन्या बाजारातून मीटर घेतलं तर?

चालतं, पण मॉडेल, कपलरच्या पिना आणि फ्लोटचा ओहम जुळायला हवा. गिअरबॉक्स आणि टायर वेगळे असतील तर वेग चुकीचा दिसेल. बदलण्याआधी दोन्ही मीटरच्या किलोमीटरचा फोटो घ्या आणि बिलावर आकडे लिहून घ्या. गाडी विकताना खरेदीदाराला तेच दाखवा. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं आणि त्यात स्पीडोमीटर चालू हवा, त्यामुळे हे काम तारखेच्या आदल्या दिवसावर ठेवू नका.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू का?

फक्त डिझेलचा काटा बंद असेल तर चालवा. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा आणि गाडीच्या अॅव्हरेजच्या हिशोबाने पाव टाकी शिल्लक असतानाच पुन्हा भरा. डिझेल पूर्ण संपलं तर लाइनमध्ये हवा शिरते आणि रस्त्यातच हँड प्रायमरने हवा काढत बसावं लागतं. टेंपरेचरचा काटा बंद असेल तर रोज सकाळी थंड इंजिनाचं कूलंट बघून, गावातल्या गावात, हलक्या लोडवर चालवा. चोर्ला, अनमोड किंवा आंबोलीला नेऊ नका. ऑइलचा दिवा संशयास्पद असेल तर गाडी टो करून न्या.